माझ्या यशोगाथेत राहून गेलेलं

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरच्या शेती पुरवणीत मागच्या महिन्यात एका संत्रा बागायतदाराची यशोगाथा आली होती, अचलपूर तालुक्यातली, पाव पान भरून, रंगीत फोटोसकट. तो बागायतदार म्हणजे मीच. छापलं ते चांगलंच छापलं, तुमच्या वार्ताहर पोराची काही चूक नाही, मी जे बोललो तेच त्यानं लिहिलं अन् तीच तर गडबड आहे. आकडे सगळे बरोबर आहेत. चार एकर, सव्वाचारशे झाडं, मागच्या बहाराला बाग ठोक दिली, म्हणजे झाडावरचं सगळं फळ एकरकमी व्यापाऱ्याला विकलं, त्याचे 14 लाख, यात एक पैशाचा फरक नाही. पण वर जो मथळा आला, कोणाच्याही मदतीविना फुलवली बाग, ते वाक्य माझ्या तोंडचं आहे. वार्ताहरानं विचारलं की सर तुमच्या यशाचं रहस्य काय, तर मी छाती फुगवून म्हटलं की कोणाचा एक रुपया घेतला नाही, कोणापुढं हात पसरला नाही, जे आहे ते या दोन हातांचं आहे. आता रोज सकाळी दात घासताना ते वाक्य आठवते. पेपरात चुकीचं काही आलं की तुम्ही खुलासा छापता, तसा हा माझा खुलासा समजा, थोडा लांबला आहे, कापायचा असंल तर कापा.

फोटोपासून सांगतो. माझ्याकडे एक सालगडी आहे, चिखलदरा तालुक्यातला कोरकू माणूस, नऊ पाडव्यांपासून माझ्याकडेच साल धरून राहिला. वयानं माझ्यापेक्षा मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणतो. मृगाच्या बहाराला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलं यावी म्हणून, बागेचं पाणी कधी तोडायचं, झाडाची पानं किती सुकू द्यायची अन् कुठं थांबायचं, हे मला पुस्तकात वाचून कळत नव्हतं, तो पान बोटात धरून सांगते की आता अजून आठ दिवस, नाही तर आता बस. वार्ताहर आला तेव्हा दादा माझ्या बाजूलाच उभा होता बादली घेऊन. अन् मी म्हणालो, जरा बाजूला हो दादा, फोटोत सावली पडून राहिली. तो झाडामागं गेला. पेपरातला फोटो काढून बघा, डाव्या कडेला पानांत एक काळा कोपर दिसते, अर्धाच. पहिले दोन दिवस मला फोटोत माझा नवीन शर्ट दिसायचा, आता आधी तो कोपर दिसते.

मग काय, कात्रण लॅमिनेट झालं, व्हॉट्सॲपवर गेलं, साडू, मेहुणे, कॉलेजचे मित्र सगळ्यांचे अंगठे आले. आम्ही ख्रिस्ती लोक. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर कोणी तरी टाकलं, देवाने आपल्या बंधूला कसं आशीर्वादित केलं पहा. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळक साहेबांनी पुढं बोलावलं, शाल दिली, अन् मग हंगामाचा सण आला त्या दिवशी मला पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. प्रभू येशूनं जेवणावळीचा दाखला सांगितला आहे, लूकच्या 14 व्या अध्यायात, की बोलावलं तर मुख्य जागेवर जाऊन बसू नको, शेवटच्या जागेवर बस. मी तो दाखला लहानपणी संडे स्कूलमधे तोंडपाठ म्हणून दाखवला होता अन् बक्षीस म्हणून पेन्सिल मिळवली होती. खुर्चीवर बसताना त्यातला एक शब्द आठवला नाही साहेब, उलट खुर्चीला कव्हर नाही हे बरोबर दिसलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं हंगामाच्या सणाला जो तो आपल्या वावरातलं काही ना काही आणते, कोणी तूर, कोणी कपाशीची बोंडं, कोणी कोंबडी, कोणी अंडी, ते सगळं वेदीपुढं मांडतात, प्रार्थना होते अन् मग लिलाव होतो. पैसा मंडळीच्या कामाला जातो. मोठा मजेचा कार्यक्रम असतो, लेकरं ओरडतात, एकच कोंबडी तीन वेळा विकली जाते कारण घेणारा परत दान करते. त्यात एक कोहळं निघालं. दोनशे, तीनशे, पाचशे. मग एक रिटायर गुरुजी हजारावर गेले, मी दोन हजारावर, ते तीनवर. त्या गुरुजींच्या पोरानं नागपूरला फ्लॅट घेतला हे सगळ्यांना माहीत आहे. मला काय झालं कोण जाणे, मी बोली चढवत गेलो अन् ते कोहळं 11,000 रुपयाला घेतलं. टाळ्या पडल्या. त्याच्या नंतर एका म्हाताऱ्या बाईनं आणलेली सहा अंडी निघाली. ती विधवा, दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाते. सहा अंड्यांना कोणी बोलीच लावेना, कारण सगळे अजून कोहळ्याबद्दलच बोलत होते. शेवटी पाळक साहेबांनीच 60 रुपयाला घेतली. मार्कच्या शुभवर्तमानात गरीब विधवेनं दान टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी बारीक नाणी, आहेत, प्रभू भांडारासमोर बसून बघत होता की कोण काय टाकते. आमच्या मंडळीत त्या दिवशी तो बसला असंल तर त्यानं काय पाह्यलं ते मला माहीत आहे.

घरी आलो तर माझी आई ओसरीवर बसलेली. ऐंशीच्या वर आहे, कान चांगले आहेत, बातमी माझ्या आधी पोचली होती. कोहळं तिच्यापुढं ठेवलं. तिनं हात फिरवला अन् म्हणे, "अकरा हजाराचं कोहयं? मंग याची भाजी कराची का पूजा?" मी हसलो. ती नाही हसली. मग थोड्या वेळानं म्हणे, "तुह्या बापानं बत्तीस वर्सं लोकाइचे पाय धुतले, त्याचा फोटू कोन्त्या पेपरात आला रे?"

ही गोष्ट यशोगाथेत नव्हती, कारण मीच सांगितली नव्हती. माझा बाप परतवाड्याजवळ कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात ड्रेसर होता. आता गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होते, बहुविध औषधोपचार 1982 पासून आला, लोकांना माहीत पण आहे. तेव्हाही डॅप्सोन हे जुनं औषध होतं, पण उशिरा आलेल्या माणसाच्या हातापायाची संवेदना गेलेली असायची अन् ती काही परत येत नाही. चपलेत खिळा घुसला तरी कळत नाही, चुलीतला निखारा पायाखाली आला तरी कळत नाही, रात्री उंदीर बोट कुरतडून जाते अन् सकाळी रक्त दिसते तेव्हा समजते. म्हणून रोजचं काम एकच. पाय पाण्यात भिजत ठेवायचे, चांगला अर्धा तास, मग कडक झालेली कातडी घासून काढायची, तेल लावायचं म्हणजे भेगा पडत नाहीत, जखम असली तर साफ करून पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी शाळेला सुटी असली की जायचो, घमेल्यांची रांग असायची अन् माझा बाप खाली उकिडवा बसलेला, डोळ्यापुढं माणसांचे पायच पाय. चेहरे तो पायावरून ओळखायचा, खरंच सांगतो, रस्त्यानं कोणी पट्टी बांधून चाललं तर वर न बघता नाव सांगायचा.

गावात आमच्या घरी चहा कोणी प्यायचं नाही. हे मी कॉलेजमधे कोणाला सांगितलं नाही, लग्न जमताना सांगितलं नाही, अन् वार्ताहराला म्हटलं की वडील नोकरीत होते. नोकरीत होते.

आमच्या मंडळीत एका वर्षी दुःखसप्ताहाच्या गुरुवारी पाळकांनी ठरवलं की योहानाच्या 13 व्या अध्यायात येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याप्रमाणे आपण बारा जणांचे पाय धुवायचे. बारात माझ्या बापाचं नाव घेतलं. सगळ्यांना वाटलं याला काय, हा तर यातलाच माणूस. तो काही पुढं जाईना. पाळक समजावून राहिले, आई खुणावून राहिली, हा आपला मान खाली घालून बसलेला. शेवटी गेला, पाय पुढं केला तर थरथरत होता. घरी येताना मी विचारलं, बाबा एवढं काय त्यात. तो म्हणे, "धुनं सोपं हाय बाबू, धुवून घेनं जड जाते."

मला तेव्हा ते कळलं नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पण तेच झालं होतं की, तो येशूला म्हणाला तू माझे पाय कधीच धुवायचे नाही. आपण दरवेळी हा भाग वाचला की सेवा करा, खाली वाका एवढंच शिकतो, ते बरोबरच आहे, पण पेत्र वाकायला नाही म्हणाला नव्हता, तो घ्यायला नाही म्हणाला होता. देणारा माणूस थोडा तरी वर असते. 11,000 देणारा तर खूपच वर असते. घेणाऱ्याला आपले मळलेले पाय दुसऱ्याच्या हातात द्यावे लागतात. अन् मी पेपरात सांगितलं ते हेच, की मी कोणाकडून काही घेतलं नाही. म्हणजे माझे पाय कोणी धुतलेच नाहीत असं.

आता घेतलं ते सांगतो. ठिबकला सरकारचं अनुदान घेतलं. पहिली पाच वर्षं बागेनं काही दिलं नाही तेव्हा घर बायकोच्या अंगणवाडीच्या मानधनावर अन् बापाच्या पेन्शनवर चाललं. कलमं शेंदुरजना घाटहून आणली, पैसे रोख नव्हते, नर्सरीवाल्यानं अर्धे उधार दिले. पाणी घेतलं, ते तर सगळ्यात मोठं. माझ्या बोरला 260 फुटावर अडीच इंच पाणी लागलं. माझ्या धुऱ्याला धुरा लागून ज्याचं वावर आहे त्यानं माझ्याच साली संत्रा लावला, त्याच नर्सरीची कलमं, माझ्यापेक्षा जास्त शेणखत टाकलं, त्याचे तीन बोर फेल गेले, शेवटचा 700 फूट नेला तर नुसता फुफाटा उडाला. दोन उन्हाळे टँकरनं झाडं जगवली त्यानं, कर्ज काढून. मग तोडली. तो सकाळी माझ्या आधी वावरात असायचा. देवभोळा माणूस, दर साली बहिरमच्या यात्रेला जाणारा, वारकऱ्यांना जेवण घालणारा. माझ्यात असा कोणता गुण होता जो त्याच्यात नव्हता? जमिनीच्या आतला खडक.

म्हणून आमच्या मंडळीतल्या साक्षींबद्दल मला थोडं बोलायचं आहे, आमचे लोक रागावतील तर रागावू द्या. आजकाल साक्ष द्यायला उभं राहिलं की माणूस सांगते, प्रभूनं मला ट्रॅक्टर दिला, प्रभूनं मला बोलेरो दिली, पोराचं पॅकेज किती ते पण प्रभूच्याच नावावर. मी पण असंच दिलं आहे. ऐकायला नम्र वाटते, सगळं देवाला देऊन टाकलं ना. पण मागच्या बाकावर असा माणूस बसलेला असते ज्याचं सोयाबीन सततच्या पावसानं वावरातच कोंब फुटून गेलं, ज्याच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. त्यानं काय समजायचं, की प्रभूचं त्याच्याकडं लक्ष नाही? आपल्या विदर्भात ज्या घरात कर्त्या माणसानं औषध पिऊन जीव दिला त्या घरच्या बाईपुढं ही साक्ष देऊन दाखवा. येशूपुढं लोकांनी एकदा असाच विषय काढला होता, तेव्हा त्यानं शिलोहाच्या बुरुजाचं उदाहरण दिलं, बुरूज पडून 18 माणसं मेली ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? नाही म्हणाला तो, सरळ नाही. अन् डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं की आकाशातला बाप नीतिमानाच्या वावरावर पण पाऊस पाडते अन् अनीतिमानाच्या पण. मग ज्याच्यावर बुरूज पडला नाही त्यानं ते प्रमाणपत्र म्हणून मिरवायचं कसं? प्रभूचे आभार मानायचेच, मी पण मानतो, पण आभार मानणं वेगळं अन् देवाच्या ताटात स्वतःचीच आरती ओवाळणं वेगळं. येशूच्या दाखल्यातला परूशी, स्वतःला मोठा धार्मिक समजणारा, तो पण आभारच मानत होता मंदिरात, हे देवा मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार.

अन् एक कबूल करतो. आईनं टोचल्यावर मी दहा बारा दिवस सगळ्यांना म्हणून राहिलो, अजी मी काय, मी तर मातीचं ढेकूळ, सगळी त्याची कृपा. लोक म्हणत, बघा किती साधा माणूस आहे, एवढं होऊन पण. अन् मला ते ऐकून कोहळ्याच्या टाळ्यांसारखंच गोड लागत होतं. साधेपणाचा पण फोटो चांगला येते साहेब. आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा, पंढरपूर, नाशिक, मुंबईला एवढ्या धर्मशाळा उभ्या केल्या अन् अंगावर चिंध्याच, आमच्या बापानं त्यांचं कीर्तन ऐकलं होतं म्हणे, लोक पाया पडायला आले की बाबा काठी उगारायचे. मी काठी तर सोडा, पायावरची चादर पण बाजूला करून ठेवली असती.

संत्र्याच्या झाडाबद्दल एक सांगतो, शहरातल्या वाचकांना माहीत नसंल. नागपुरी संत्र्याचं झाड स्वतःच्या मुळावर उभं नसते. खाली जंबेरी असते, आंबट जातीचं लिंबू, त्याच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा फुटला की वरचं जंबेरीचं शेंडं छाटून टाकतात, अन् पुढं कधी खालून जंबेरीची फूट निघाली तरी आपण ती लगेच काढतो. फळ विकते नागपुरी संत्रा म्हणून. जंबेरीचं नाव मंडीत कोणी घेत नाही, पण पाणी ओढते ते जंबेरी, जमिनीतला रोग सोसते ते जंबेरी, तिला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागला की वरचा संत्रा दोन सालात वाळून जाते. रोमकरांस पत्राच्या 11 व्या अध्यायात पौलानं कलमाचीच गोष्ट सांगितली आहे, जैतुनाच्या झाडाची. ती यहुदी अन् यहुदी नसलेल्यांबद्दल आहे हे मला माहीत आहे, अन् त्यानं कलम पण उलटं सांगितलं, रानटी फांदी चांगल्या झाडावर, आपण रानटीवर चांगली बांधतो, त्यानं स्वतःच म्हटलं आहे की हे निसर्गाच्या उलट आहे. पण जे बोलला ते मला बागेत उभं राहून समजते. फांदीनं मिरवू नये, तू मुळाला उचलून धरलं नाही, मुळानं तुला धरलं आहे. हा अध्याय मी वीस वेळा तरी वाचला असंल, चारशे कलमांचा मालक होऊन.

आमच्यात रेव्हरंड टिळकांचं नाव सगळे घेतात, नारायण वामन टिळक, त्यांची भजनं आम्ही दर रविवारी म्हणतो. नागपूर ते राजनांदगाव रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात बायबलचा नवा करार दिला, तिथून सगळं सुरू झालं अन् 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांचं नाव आमच्या शेंबड्या पोराला पण येते, त्या प्रवाशाचं नाव मी आमच्या मंडळीत विचारून पाह्यलं, एकाला सांगता आलं नाही.

कात्रण आल्यावर पंधरा दिवसांनी मी दादाला म्हटलं, आज घरात येऊन टेबलावर बस, सोबत जेवू. नऊ वर्षांत तो ओसरीवरच जेवत होता, मी कधी म्हटलं नव्हतं, त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो घाबरला. त्याला वाटलं पाडवा येऊन राहिला, मालक कामावरून काढते म्हणून गोड बोलून राहिला. बसला खुर्चीच्या कडेवर, पोळी अर्धी ठेवली, हात धुवून निघून गेला. मला वाटलं होतं काही तरी छान होईल. मग आईनं मला सांगितलं की तूच जा न ओसरीवर. आता मी सकाळचा चहा तिथं घेतो, जमिनीवर, गुडघे दुखतात. बोलणं अजून झाडांचंच होते. त्या विधवा बाईला मी अंड्यांचे पैसे द्यायला गेलो होतो तर तिनं घेतले नाहीत, म्हणे अंडी तं विकल्या गेली, तू कायचे पैसे देतं? बरोबर आहे तिचं.

एक विनंती आहे साहेब. यशोगाथा छापणं बंद करू नका, एवढ्या वाईट बातम्यांत शेतकऱ्याला त्या लागतात, मी स्वतः त्या वाचूनच ठिबककडं वळलो होतो. फक्त तुमची पोरं येतात तेव्हा यशाचं रहस्य काय असं विचारतात, त्यानं माणूस फुगते, माझ्यासारखा तर लगेच. त्याच्याऐवजी विचारू द्या की तुमच्यावर कोणाकोणाचं देणं आहे. पाणी कसं लागलं ते विचारू द्या, पहिली पाच वर्षं घर कोणी चालवलं ते विचारू द्या. अन् शेजारचा धुरा ओलांडून त्याचं पण दोन ओळी लिहू द्या, त्यानं तीच कलमं लावली होती.

विजेची रात्रीची लाइन आता आली आहे, आंबियाची, म्हणजे हिवाळा सरतानाच्या बहाराची, फुलं धरून राहिली अन् पाणी चुकवून चालत नाही, दादानं दोनदा आवाज दिला. पत्र छापलं तर माझं नाव टाकू नका, एकदा छापलं तेवढं पुरे. फोटो द्यायचाच असंल तर तोच द्या, पण डावी बाजू कापू नका.

आपला एक वाचक,
ता. अचलपूर, जि. अमरावती